मुहूर्ताची सुई

कुंभकोणमच्या माणसाला डॉक्टरकडे जायचं असलं की तो आधी पंचांग बघायचा. राहुकाळ कधी, यमगंड कधी, शूल कुठल्या दिशेला, हे सगळं टाळून, आंघोळ करून, कपाळाला गंध लावून, इडली-कॉफी पोटात घालून तो सकाळच्या चांगल्या वेळेला दवाखान्यात हजर व्हायचा. मी लग्न होऊन पुण्याहून तिथे गेले तेव्हा मला हे फार सोयीचं वाटलं होतं. रोगी स्वच्छ, टवटवीत आणि प्रसन्न. याच सोयीपायी एक भला माणूस गावात दारुड्या ठरला होता, त्याची ही हकीकत.

माझं सासर गावातल्या मेलकावेरी भागात, तंजावरी मराठ्यांचं. आमचे हे कॉलेजात गणित शिकवत. घरची मराठी मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा कुणी बखर वाचून दाखवतंय असं वाटलं. माझी मराठी त्यांना घाईची आणि जराशी उद्धट वाटे. पहिलं वर्षभर आमचे हे मराठीचं मराठीत भाषांतर करत असत. पॅथॉलॉजी शिकलेली सून घरात बसवून काय करायची, असा प्रश्न सासऱ्यांनाच पडला आणि त्यांनीच ओळखीच्या एका खाजगी इस्पितळात शब्द टाकला. तिथले मुख्य डॉक्टर वैद्यनाथन यांनी मला जिन्याखालची खोली दिली. एक सूक्ष्मदर्शक, एक स्पिरिटचा दिवा, रंगांच्या चार बाटल्या आणि वर सतत चढउतार करणारी पावलं, एवढी माझी प्रयोगशाळा.

गिऱ्हाइकं नामी होती. एका जमीनदारांनी लघवीचा नमुना चांदीच्या तांब्यात पाठवला, वर केळीचं पान बांधून. तो आणणाऱ्या कारभाऱ्याला आत काय आहे ते सांगितलेलं नव्हतं, म्हणून तो मला वाकून नमस्कार करून गेला. एक मृदंगवादक रक्त तपासायला आले आणि दहापैकी एकाही बोटाला हात लावू देईनात. शेवटी कानाच्या पाळीचं रक्त घेतलं, तर दुसऱ्या दिवशी तक्रार, त्या कानाला ताल कमी ऐकू येतो.

माझं खरं वेड मात्र वेगळं होतं. अंगावर गाठ आली की त्या काळी सर्जन ती कापून काढत आणि मग आमच्याकडे पाठवत. आमच्या एका प्राध्यापकांनी आम्हांला दुसरी रीत दाखवली होती. गाठीत साधी पोकळ सुई घालायची, मागून पिचकारीचा दट्ट्या ओढायचा, की गाठीतल्या पेशींचा एखादा थेंब सुईत येतो. तो काचेवर पसरायचा, वाळवायचा, रंगवायचा आणि बघायचा. शितावरून भाताची परीक्षा, दुसरं काही नाही. पण भल्याभल्या डॉक्टरांना हे पटत नसे. वैद्यनाथन म्हणत, "एका थेंबावरून निदान? मग पोपटवाल्याकडूनच एक चिठ्ठी काढून घेऊ." गावात माझं नाव मात्र 'ऊसी डॉक्टरम्मा' पडलं. ऊसी म्हणजे सुई. न जेवणाऱ्या मुलांना आया माझं नाव घेऊन भरवत असत, एवढी माझी समाजसेवा.

रुक्माजी राव हे गावातले शिंपी. घराणं विठ्ठलभक्तांचं. दिवसा दुकान आणि संध्याकाळी मंडळीचं भजन, त्यात मुख्य झांज त्यांची. आवाज असा की भजनासाठी नावाजलेल्या मरुदानल्लूर गावी गेले तर तिथले जुने भागवत, म्हणजे मुख्य भजनीबुवाही, सरकून जागा देत. अशा माणसाबद्दल हळूहळू बोललं जाऊ लागलं की राव संध्याकाळी शुद्धीवर नसतात. डोळे अर्धे मिटलेले, बोलणं नाकातून, अभंग अर्ध्यावर आला की आवाज गायब. मद्रास राज्यात तेव्हा कडक दारूबंदी होती. पिणारा माणूस नुसता वाईट नव्हता, तो गुन्हेगारही होता. एकदा पोलीस शिपाई दुकानाच्या पायरीवर येऊन तोंडाचा वास घेऊन गेला. वास आला तो विड्याच्या पानाचा, पण शिपाई येऊन गेला हे सगळ्या गल्लीनं पाहिलं.

त्यांची बायको तुळजाबाई त्यांना तीनदा आमच्या इस्पितळात घेऊन आली, आणि तिन्ही वेळा सकाळच्या उत्तम मुहूर्तावर. रात्रभर झोपलेला, ताजातवाना रुक्माजी राव वैद्यनाथन यांच्यासमोर उभा राही. डोळे टपोरे, आवाज खणखणीत, मुठीची पकड अशी की डॉक्टरांनीच हात सोडवून घ्यावा. वैद्यनाथन तर्कशुद्ध माणूस. रावांना तिकडच्या रीतीनं ते रायर म्हणत. ते म्हणाले, "सकाळी रायर पैलवान आहे. संध्याकाळी लटपटतो. म्हणजे दुपारी काहीतरी पोटात जातं." झालं. मंडळीतले ज्येष्ठ, पितळी भांड्यांचे व्यापारी खंडोजी राव, यांनी निकाल दिला: गोकुळाष्टमीच्या उत्सवात पुन्हा असं दिसलं तर झांज काढून घ्यायची आणि भजनात बसू द्यायचं नाही.

माझा यात संबंध आला तो भांडणामुळे. मी रुक्माजी रावांकडे माझा पांढरा कोट शिवायला टाकला होता. कोट आला तो अजब. गुंड्या एका रांगेत आणि काजं दोन रांगांत. कसाही लावला तरी मी तिरकी दिसायची. इस्पितळातून सुटल्यावर, ऐन दिवेलागणीला, तोंडात चार वाक्यं घोळवत मी दुकानात शिरले.

रुक्माजी राव मशीनसमोर बसले होते. लाकडी गज मांड्यांत उभा धरून त्यावर हनुवटी टेकवलेली. एका हातानं ते मशीन फिरवत होते आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं उजव्या डोळ्याची पापणी वर धरली होती.

"या, डाक्टरीणबाई," ते म्हणाले. आवाज नाकातून येत होता. "कोट बरा बसला कां?"

"काजं दोनदा पाडलीत, राव."

"मज काय ठावें? मज गुंड्याच दोन दोन दिसत होत्या. म्हटलें, शहराकडची नवी रीत असेल."

मीही आधी वास घेतला, हे सांगितलंच पाहिजे. कॉफी आणि पान, बाकी काही नाही. मग मी भांडण बाजूला ठेवून त्यांना आढ्याकडे एकटक बघायला सांगितलं. पापण्या हळूहळू खाली येऊ लागल्या आणि शेवटी डोळे झाकले गेले, दुकानाला फळ्या लावाव्यात तसे. मग आकडे मोजायला लावले. खणखणीत सुरू झालेले आकडे तिशीपर्यंत येता येता नुसती गुणगुण राहिली. तुळजाबाई आतून धावत आली आणि माझ्यावरच उखडली, "सांजवेळीं दमवितां कशास त्यांस?"

माझ्या डोक्यात तोवर पुस्तकाचं एक पान उघडलं होतं. स्नायू थकण्याचा एक विरळा आजार असतो. झोपून उठलेला माणूस ठणठणीत. जसजसा तो डोळे, जीभ, गळा वापरतो, तसतसं ते सगळं संपावर जातं. संध्याकाळी तो दारू प्यायलेला दिसतो. पुढे गिळणं आणि श्वास घेणंही बंद पडू शकतं. रावांना तेवढ्यात पान गिळताना ठसका लागला, आणि मला आणखी एक गोष्ट दिसली. छातीच्या हाडाच्या वरच्या खळग्यात लिंबाएवढा एक उंचवटा वर आला आणि पुन्हा आत गेला.

"उद्या संध्याकाळी यांना इस्पितळात आणा," मी म्हटलं.

"सांजे?" तुळजाबाईनं मी स्मशानात बोलावल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. "दिवे लावायची वेळ. लक्ष्मी घरांत येते तेव्हां घरधन्यास रोग्यांत नेऊन बसवूं? तें होणें नाहीं."

मी खूप समजावलं. तिनं पंचांग काढलं. दुपारी नेऊ म्हटलं तर एक दिवस राहुकाळ, दुसऱ्या दिवशी तिचा उपास, तिसऱ्या दिवशी त्यांचं जन्मनक्षत्र. ही बाई नवऱ्यासाठी पोलिसाशी भांडली असती, पण पंचांगाशी नाही. शेवटी मीच हरले आणि हरता हरता मला युक्ती सुचली. संध्याकाळी येत नसाल तर सकाळीच संध्याकाळ करू.

चार दिवसांनी, तुळजाबाईनं नेमून दिलेल्या शुभ वेळेवर, इस्पितळाच्या ओसरीत भजन सुरू झालं. खंडोजी रावांना मी मुद्दाम बोलावलं होतं. ते मंडळी घेऊन पहाटेच रावांच्या घरी गेले होते आणि रुक्माजी रावांनी काय खाल्लं, काय प्यालं, हे सगळ्यांनी डोळ्यांत तेल घालून पाहिलं होतं. रुक्माजी रावांना मी एकच सांगितलं, थांबायचं नाही.

त्या सकाळी ते काय गायले! मला भजनातलं फारसं कळत नाही, पण रोगी खाटांवरून उठून दाराशी आले. मोडक्या पायाचा एक शेतकरी पायाला बांधलेल्या फळीवर ताल धरू लागला. वैद्यनाथन तपासणी सोडून बाहेर आले, लाल होऊन.

"हा काय प्रकार आहे?"

"तपासणी चालू आहे, डॉक्टर."

"कोणत्या पुस्तकात आहे ही तपासणी?"

"पुस्तकात आढ्याकडे बघायला सांगतात. इथे विठोबाकडे बघतायत, एवढाच फरक."

ते काही बोलणार, तेवढ्यात रावांचा आवाज चिरकला. पुढच्या अभंगात नाकात गेला. झांज जड झाली. पापण्या उतरू लागल्या आणि हनुवटी छातीवर आली. तोंडातून शब्द येईना, तरी ओठ हलत होते. तुळजाबाई खंडोजी रावांपुढे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "घ्या आतां वास. पहांटेपासून तुम्हीच राखण केलीत. घ्या."

खंडोजी रावांनी खरोखरच वाकून वास घेतला. त्या माणसाचा प्रामाणिकपणा मला तेव्हा हास्यास्पद वाटला, आता तसा वाटत नाही.

या आजारावर एक इंजेक्शन होतं, थकलेल्या स्नायूंना घटकाभर जाग आणणारं. ते मी आधीच मद्रासहून मागवून ठेवलं होतं. वैद्यनाथन यांनी स्वतःच ते दिलं. आम्ही सगळे ओसरीत उकिडवे बसून रावांच्या पापण्यांकडे बघत राहिलो. कॉफी पिऊन होईल एवढ्या वेळात उजवी पापणी थरथरली, मग डावी. दोन्ही डोळे उघडले. रुक्माजी रावांनी सभोवार पाहिलं, झांज उचलली आणि अभंग जिथे तुटला होता त्या ओळीपासून पुढे गायला सुरुवात केली. खंडोजी राव हमसून हमसून रडू लागले. वैद्यनाथन मला हळूच म्हणाले, "पुन्हा असं काही करायचं असेल तर आदल्या दिवशी सांगत जा." त्यांच्याकडून ती माफीच होती.

दारूचा आरोप गेला, पण गाठ उरलीच होती. क्ष-किरणाच्या फोटोत छातीच्या हाडामागे मोठी सावली दिसली. वैद्यनाथन म्हणाले, क्षयाची गाठ असणार, या भागात दर दहातल्या नऊ तशाच असतात. इंजेक्शनं सुरू करू. मला संशय होता थायमसचा. छातीच्या हाडामागे ही एक ग्रंथी असते. लहानपणी मोठी असते, कामाची असते, आणि माणूस वयात आला की आक्रसून पेन्शनीत निघते. क्वचित ती म्हातारपणी पुन्हा डोकं वर काढते आणि तिची गाठ होते. तिचं आणि या स्नायूंच्या आजाराचं काहीतरी साटंलोटं आहे, असं मी वाचलं होतं. तसं असेल तर मद्रासला छाती उघडून ती काढायला हवी, आणि नुसत्या संशयावर तिथला सर्जन छाती उघडणार नव्हता. उलट ती क्षयाची असेल आणि आम्ही छाती उघडायला पाठवलं, तर माणूस फुकट जीवानिशी जायचा. मधे उरली माझी सुई.

ती घालायची जागा फार वाईट होती. गाठीच्या मागे मोठ्या रक्तवाहिन्या. मी उगाच कडक चेहरा करून होते. रुक्माजी राव मात्र टेबलावर झोपायच्या आधी म्हणाले, "ऊसी दाखवा."

मी दाखवली. त्यांनी ती खिडकीकडे धरली, नखावरून ओढली आणि परत दिली. "टोंक वांकडें. हिनें मी गोधडीही शिवणार नाहीं. दुसरी."

दुसरीही नापास झाली. तिसरी त्यांना पसंत पडली. सगळ्या सुया आमच्या कंपाउंडरनं एकाच दगडावर घासून एकाच भांड्यात उकळल्या होत्या, त्यामुळे तिसरीत काय सोनं होतं ते मला कळलं नाही. पसंत केलेली सुई पुन्हा उकळावी लागली. तेवढ्यात बाहेरून तुळजाबाई ओरडली, चांगली वेळ संपत आली.

खांद्याखाली उशी, मान मागे. "श्वास रोखा," मी म्हटलं. गाठ वर आली, सुई आत गेली, मी दट्ट्या ओढला. आलं ते नुसतं रक्त. मी सुई काढून जागा दाबून धरली आणि वाट पाहिली. सूज नाही, काही नाही. रावांनी एक डोळा उघडून विचारलं, "टांका चुकला कां?"

"चुकला."

"चुकतो. उसवून पुन्हां घाला."

दुसऱ्या वेळी जरा डावीकडून गेले. या वेळी तांदळाच्या धुवणासारखा एक गढूळ थेंब आला. तो थेंब घेऊन मी जिन्याखाली धावले ती जेवायलाही वर आले नाही.

काच रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि पहिल्यांदा निराश झाले. मोहरी सांडावी तशा बारीक, गोल, काळपट पेशी सगळीकडे. अशा पेशी कुठल्याही साध्या गाठीत असतात. वैद्यनाथन जिंकले, असं वाटलं. तरी मी काच सरकवत राहिले, आणि एका कडेला एक पुंजका दिसला. मोठ्या, फिकट पेशी, एकमेकींना घट्ट धरून बसलेल्या. पुढे आणखी एक पुंजका. मग आणखी. मोहरीत या पाहुण्या कुठून आल्या? साध्या गाठीत त्यांचं काही काम नव्हतं. क्षयाचा कुजका भाग कुठेच नव्हता. दोन्ही जातीच्या पेशी अशा एकत्र नांदतात ते थायमसमध्ये. मी पुस्तकातलं चित्र काढून शेजारी ठेवलं, आणि त्या खोलीत एकटीच मोठ्यानं हसले. वरून जिना उतरणारं कोणीतरी घाबरून पुन्हा वर गेलं.

वैद्यनाथन यांनी बराच वेळ डोळा लावून पाहिलं. "मला ठिपके दिसतात," ते म्हणाले. मग म्हणाले, "चूक निघाली तर मद्रासभर आपलं हसं होईल." मी म्हटलं, माझं होईल. त्यांनी चष्मा पुसला. "आपलं," ते पुन्हा म्हणाले आणि सर्जनला तार करायला गेले.

गाठ निघाली ती मोसंब्याएवढी आणि थायमसचीच. पुढे वैद्यनाथन प्रत्येक पाहुण्याला 'आमच्या कुंभकोणमची सुई' म्हणून ही गोष्ट सांगत, तेव्हा पोपटवाल्याचा उल्लेख ते गाळत. अशी केस मला नंतर सबंध आयुष्यात मिळाली नाही. आता ही सुई जगभर कुणीही घालतं आणि तिला लांबलचक नावही आहे. आपण जरा लवकर जन्मलो, अशी चुटपुट लागते. त्याहून मोठी खंत वेगळीच आहे. रुक्माजी रावांच्या आधी अशी किती माणसं कुठे कुठे सकाळी धडधाकट म्हणून घरी गेली असतील, आणि संध्याकाळी कुणी त्यांच्याकडे पाहिलं नसेल.

रावांना गाठ निघाल्यावरही गोळ्या चालू ठेवाव्या लागल्या. गोळी घेतली की काही तास आवाज टिके. गोकुळाष्टमीला ते भजनाला बसणार, तेव्हा मी सुचवलं, मागच्या खोलीत आधी गोळी घ्या आणि मग बाहेर या. तुळजाबाईनं मान हलवली. "मागल्या खोलींत कांहीं नको. घ्यायचें तें अवघ्यांदेखत." म्हणून त्या दिवशी भरल्या सभेत ती उठली आणि नवऱ्याच्या तळहातावर गोळी ठेवली. त्यांनी हात उंचावून ती उजव्या बाजूला दाखवली, डाव्या बाजूला दाखवली, जिभेवर ठेवली, वर तांब्यातलं पाणी प्यायले आणि तोंड उघडून दाखवलं. मग झांज वाजली. त्यानंतर ते जितकी वर्षं गायले, तितकी वर्षं प्रत्येक भजन असंच सुरू झालं.

आम्ही पुढे बदलीनं गाव सोडलं. निवृत्तीनंतर, राव जाऊनही बराच काळ लोटल्यावर, मी एका उत्सवाला कुंभकोणमला गेले. बायकांच्या बाजूला तुळजाबाई होती, पार वाकलेली. मी तिच्या शेजारी बसले. झांज आता एका तरुण भागवताकडे होती, चांगला धट्टाकट्टा. तो बसला, तशी त्याची बायको उठून पुढे आली आणि तिनं त्याच्या तळहातावर खडीसाखरेचा खडा ठेवला. त्यानं हात उंचावून तो उजवीकडे दाखवला, डावीकडे दाखवला, जिभेवर ठेवला, वर पाणी प्यायला आणि सगळ्यांना तोंड उघडून दाखवलं.

मद्रासहून आलेल्या एका पाहुण्यानं कौतुकानं विचारलं, हे काय? तरुण भागवत गंभीरपणे म्हणाला, "ही जिव्हाशुद्धी. महाराजांच्या दरबारांतून चालत आली आहे. हें झाल्यावांचून आमच्यांत भजन होत नाहीं."

मी तोंड उघडणार, एवढ्यात तुळजाबाईचा हात माझ्या गुडघ्यावर आला.

"उगें ऱ्हावा, डाक्टरीणबाई," ती म्हणाली. "ते काय पीत होते, हें आतां कोणी विचारीत नाहीं."